सुपडाजी म्हस्के यांचे सपत्नीक परदेशगमन

विषय : अल्प खर्चात सपत्नीक परदेशगमनाचा बेत केल्याबाबत.
इसमाचे नाव : सुपडाजी म्हस्के, वय अंदाजे छप्पन्न, धंदा भाजीपाला, राहणार दुसरबीड.
घटनेचा दिवस : ऐन उन्हाळ्यातील, बाजाराचा.
साक्षीदार : चहावाले रशीदभाई; तसेच मी स्वतः, अर्जनवीस, बैठक तहसील कचेरीसमोर.

वरील इसमास भर दुपारी अंगात एकावर एक तीन सदरे व दोन पँटी घालून, खांद्याला बॅग अडकवून बाजारातून फिरताना आम्ही उभयतांनी समक्ष पाहिले.

"काऊन बे सुपड्या, थंडी वाजून आली का?" रशीदभाईंनी हटकले.

"थंडी नाही बे, तालीम करून राह्यलो."

खुलासा असा की, विमानाच्या स्वस्त तिकिटावर माणशी सातच किलो सामान नेता येते. अंगावरील कपड्यांचे वजन मात्र कोणी करत नाही. बॅग त्यांनी आपल्याच भाजीच्या काट्यावर तोलली होती. "सहा किलो नऊशे," ते घाम निथळत म्हणाले, "शंभर ग्रॅम गोदाच्या हौसेसाठी सोडलं."

गोदाबाई या त्यांच्या पत्नी. येत्या भाद्रपदात दोघांनी आठ दिवस व्हिएतनाम या देशी जावे, असा हा बेत. तिकिटे काढून झालेली आहेत. मी तीस वर्षे लोकांचे अर्ज लिहीत आलो. परंतु एवढ्या बारकाईने केलेले काम माझ्या पाहण्यात नाही.

सुपडाजींचे शास्त्र एका वाक्यात मावते : "बजार उठू द्या!" बाजार उठताना भाजीचा भाव पडतो, तसाच देशांचाही पडतो, असे त्यांचे प्रतिपादन. "जवा कोणीच जात नाही, तवा आपण जाचं, भाऊसाहेब. पाऊस येईन, येऊ द्या. आपल्याले पावसाची काय नवाई?" उतरण्याची जागा त्यांनी अशी धुंडाळली की सकाळचा नाश्ता फुकट. "असा बसून खाचा की रातीलोक भुकेनं नावच नाही घ्यावं." त्या परक्या शहरातील गल्ल्या ते मोबाइलवर पाहून अशा सांगतात, जणू दुसरबीडच्या फाट्यावरून वळायचे आहे. मी ऐकत राहतो आणि माझा चहा गार होतो.

व्हिसाचा अर्ज मोबाइलवरच भरता येतो, हे त्यांना ठाऊक होते. तरीही सोबत सातबारा, सरपंचांचा रहिवासी दाखला आणि दोन पंचांच्या सह्या असलेला कागद जोडावा, असा त्यांचा आग्रह. "परका मुलूख हाय. माणूस कोणाचा कोण, त्याईले कसं समजणार?" मजकूर मी लिहिला : 'अर्जदाराची भेंडी शेतात उभी असल्याने तो आपल्या (व्हिएतनाम) देशी लपून राहण्याचा संभव नाही.' ते जोडण्यास मोबाइलमध्ये जागाच निघाली नाही. व्हिसा तसाच आला. कागद मात्र त्यांनी बॅगेत घातला आहे.

अडचण त्याच भेंडीची आहे. तिचा तोडा दिवसाआड झालाच पाहिजे, नाहीतर ती जून होते. वर म्हैस दोन वेळा पिळावी लागते. मुलगी बीबी या गावी सासरी; तिच्याही रानात भाजीच आहे. राखणीस माणूस मिळेना आणि त्याशिवाय गोदाबाई हलेनात.

"मग एकटेच जा," मी व्यवहार्य सल्ला दिला, "खर्चही निम्मा."

सुपडाजींनी काट्याची तागडी पुसून खाली ठेवली.

"भाऊसाहेब, लगन लागल्यापासून आमी दोघं संगं कुठीच नाही गेलो. लगनाले गेलो तं मी एकटा. मयतीले गेली तं ती एकटी. घरी एक जण पायजेच ना! एकडाव तेवढं लोणारले नेलं होतं. ती तळ्याकडे पाहेच ना. 'म्हैस पान्हावली असन का, पाण्याची बारी चुकली असन का,' दुपारच्या यष्टीनं माघारी. तवाच ठरवलं, इले अशा ठिकाणी न्या लागते, जिथून दुपारची यष्टी नाही."

मी विचारले, "पण हे स्वस्त तिकीट बदलता येत नाही म्हणतात?"

"हाव. म्हणून तं तेच काढलं."

हे उत्तर मी जसेच्या तसे लिहून घेतले.

गोदाबाईंचे म्हणणे नोंदवून घ्यावे म्हणून मी काल त्यांच्या मळ्यात गेलो. त्या भेंडी तोडत होत्या. "याईले जाऊ द्या, मी राहतो घरी," एवढेच म्हणाल्या. मी निघालो, तेव्हा मागून हाक आली.

"भाऊसाहेब, समुद्रात पाय टाकाचा असला, तं चपला कुठी ठेवतेत हो लोकं?"

सबब, वाचकांस नम्र विनंती की, दुसरबीड व आसपासच्या कोणाही भरवशाच्या गृहस्थास अथवा बाईस भाद्रपदात आठ दिवस मळ्यात राहून भेंडीचा तोडा व म्हशीची धार करणे शक्य असल्यास, त्यांनी माझ्या बैठकीवर समक्ष किंवा लेखी कळवावे. म्हैस अनोळखी माणसास लाथ मारते, हे येथे न लपवता नमूद केले आहे. कोणीच न आल्यास मी स्वतः मळ्यात राहण्यास जाणार आहे. परंतु मला धार काढता येत नाही, तरी उत्तर त्वरित मिळावे.