भिवाजींची दाढ आणि सर्वानुमत

रूट कॅनलच्या दोन बैठकांच्या मधल्या काळात दाढेत कोणते औषध ठेवावे, हे कर्जतमधल्या आमच्या धर्मादाय दवाखान्यात पूर्वी दातांचे डॉक्टर एकटेच ठरवत. लोकशाहीत हे शोभत नव्हते. म्हणून विश्वस्तांनी ‘मध्यंतर औषध निवड समिती’ नेमली. अध्यक्ष दत्तोपंत, निवृत्त मुख्याध्यापक. सदस्य रोहिदासशेठ, कळंबच्या रिसॉर्टचे मालक. आणि मी, स्वतःच्या दाढांची रूट कॅनल झालेली असल्याने तज्ज्ञ सदस्य. डॉक्टर हर्षला यांनाही आम्ही वगळले नाही. निमंत्रित म्हणून त्यांना खुर्ची होती, मत नव्हते.

पहिले प्रकरण कडावच्या भिवाजींचे आले. म्हशी राखणारा माणूस, आणि डाव्या बाजूला चावायला उरलेली ती एकच दाढ. डॉक्टरांनी आतल्या नळ्या साफ केल्या आणि नियमाप्रमाणे त्यांना आमच्यासमोर आणून बसवले.

“म्याडम, दाढ ऱ्हाईल ना?” भिवाजींनी विचारले.

“राहील, काका. जंतू परत वाढू नयेत म्हणून आत औषध भरते, वरून पक्कं बंद करते. दोन आठवड्यांनी या.”

“औषध कोणतं?” दत्तोपंत म्हणाले.

“कॅल्शियम हायड्रॉक्साइड.”

“मराठीत सांगा.”

“तसं म्हटलं तर चुनाच. पण शुद्ध केलेला, दातासाठी बनवलेला.”

भिवाजींनी लगेच खिशातून डबी काढली. “मंग हा घ्या की. सकालीच भरलाय.”

दत्तोपंत गंभीर झाले. “दारावर तंबाखूबंदीचा फलक आणि आत दवाखानाच लोकांच्या तोंडात चुना भरतोय? समाजात काय संदेश जाईल?” त्यांनी मिठाची शिफारस केली, कारण त्यांचे वडील आयुष्यभर मिठाने दात घासत. रोहिदासशेठना लवंगेचे तेल हवे होते, कारण मुंबईचे पाहुणे नैसर्गिक म्हटले की काहीही तोंडात घालतात. मी तीन अँटिबायोटिक्सची पेस्ट सुचवली. बाकीच्यांकडे एकेकच औषध होते, माझ्याकडे तीन.

“अहो, याला शास्त्र असतं,” डॉक्टर म्हणाल्या. त्यांना मत नसल्याची आठवण अध्यक्षांनी सौजन्याने करून दिली.

मतदान घ्यावे, तर कोणीतरी हरणार. आमच्याकडे सोसायटीच्या निवडणुकीपासून गणेशोत्सव मंडळापर्यंत सगळे बिनविरोध होते, कोणाला दुखवायची पद्धत नाही. निर्णय सर्वानुमतेच व्हायला हवा होता.

“तोवर निदान वरून बंद तरी करू द्या,” डॉक्टर म्हणाल्या. पण बंद करणे म्हणजे आत काही ठेवायचे नाही असा निर्णय झाल्यासारखेच होते. अखेर कापसाच्या बोळ्यावर कोणाचा आक्षेप निघाला नाही. भिवाजी बोळा घेऊन घरी गेले.

पुढच्या बैठकीत समितीच्या नियुक्तीबद्दल सदस्यांचे सत्कार झाले, त्यात दाढेला वेळ उरला नाही. त्यापुढची बैठक अभ्यासवर्ग म्हणून रोहिदासशेठच्या रिसॉर्टवर घेतली. गावठी कोंबडी होती, तांदळाची भाकरी होती. आम्ही दोन्ही बाजूंनी चावून जेवलो. नियमाप्रमाणे तिथेही आणलेले भिवाजी सुजलेला गाल घेऊन कोपऱ्यात पेज पीत बसले होते.

“सायेब, डोल्याला डोला नाय. बोल्यात भात शिरतोय, घान वास येतोय. कायबी घाला, पन घाला.”

रुग्णाचा समितीवर पूर्ण विश्वास आहे, अशी आम्ही नोंद केली.

डॉक्टर मात्र भडकल्या. “विश्वास कसला? नळ्यांत पू झालाय. तुमचं ठरेपर्यंत दाढ हातात येईल.”

“पू हा नवीन मुद्दा आहे,” दत्तोपंत म्हणाले. “तो आजच्या विषयांत नाही.”

बोळा तसाच राहिला. सूज गालावरून गळ्याकडे उतरायला लागली तेव्हा डॉक्टरांनी आम्हाला न विचारता दाढ काढून टाकली. आम्हाला रागही आला नाही, कारण काढलेल्या दाढा आमच्या कार्यकक्षेत येत नाहीत. उलट मोठा पेच सुटला होता. मीठ हरले नाही, लवंग हरली नाही, माझी पेस्टही हरली नाही. दाढ नसताना औषधाची गरज नाही, हा समितीचा पहिला निर्णय सर्वानुमते झाला.

त्यानिमित्त भिवाजींचा सत्कार केला. शाल दिली, नारळ दिला. दोन शब्द बोलण्याचा आग्रह झाला, तेव्हा त्यांनी नारळ हातात फिरवला.

“म्याडमनी पैल्याच दिशी सांगितलं व्हतं काय घालायचं ते. मंग तुमाला कशाला इचारायचं व्हतं?”

आम्ही टाळ्या वाजवल्या.

तुम्ही हसताय, हसा. पण खरं सांगा, चुना, मीठ, लवंग, पेस्ट ही नावे वाचताना तुम्हीही मनातल्या मनात एक निवडलेत ना? आणि दातांचे शिक्षण तर तुम्हीही घेतलेले नाही. समितीला अशीच माणसे हवी आहेत. खालापूरहून अनसूयाबाई आल्या आहेत, केव्हाच्या आ करून बसल्या आहेत. या, तुमची खुर्ची मांडली आहे.