‘कोणत्या वाटेनं?’ विचारणाऱ्या रोहिणीताई

आमच्या सातपूरच्या कॉलनीत रोहिणीताईंसमोर ‘मुळे’ हा शब्द जपून वापरावा लागतो. अमक्यामुळे तमकं झालं म्हणालात, की त्या चष्मा कपाळावर सरकवणार आणि विचारणार, "कोणत्या वाटेनं?"

ताई आरोग्य संशोधनात संख्याशास्त्रज्ञ. कारण आणि परिणाम यांच्या मधे काय घडतं, ते आकड्यांतून शोधायचं हे त्यांचं काम. काम संध्याकाळी सुटतं. ताई सुटत नाहीत.

शेजारच्या पगारेकाकू एकदा म्हणाल्या, "सून आल्यापासून माझं बीपी वाढलं."

"कोणत्या वाटेनं? सून पापड छान भाजते, तुम्ही जास्त खाता, मीठ वाढतं, म्हणून? की थेट?"

"थेट!"

"मग पापड बंद करू, सून राहू दे. तरी बीपी चढलेलंच राहिलं, तर थेट."

महिन्याने बीपी उतरलं. सून पेढे घेऊन आली, तर ताईंनी तिलाही पिटाळलं, "एका सासूवरून निष्कर्ष काढायचा नसतो गं."

माझीही सुटका नव्हती. ‘रातपाळी रक्त पिते!’ असं पत्रक मी छापायला निघालो, तर म्हणाल्या, "क्रांतिकारका, पीत असेल. पण किती झोपेच्या वाटेनं आणि किती तंबाखूच्या? ते कळल्याशिवाय मागणार काय? पाळ्या बदलून, की तंबाखू सोडायला मदत?" मी चिडलो. घोषणा काय मोजून मापून देतात?

मग ताईंच्या संस्थेत रातपाळीच्या कामगारांच्या रक्तदाबावरचा अहवाल तयार झाला. कामगारांतर्फे मीही बैठकीला होतो. मसुद्यात लिहिलं होतं, झोपेतला फरक वगळला तर रातपाळीचा रक्तदाबाशी संबंध उरत नाही. म्हणजे पाळी निर्दोष. कामगारांनी नीट झोपावं! पाळ्या बदलण्याची आमची मागणी तिथेच मेली असती.

ताई उठल्या. "सर, झोप कोण मोडतं? पाळीच ना? मग झोप ही मधली वाट झाली. ती वगळून पाळीचा दोष शोधणं म्हणजे गोळी वगळून बंदुकीची चौकशी करणं."

संस्थेचे प्रमुख हसले. "मॅडम, तुमचं कंत्राट मार्चमध्ये संपतंय ना?"

"हो. ते संपलं तरी हे वाक्य चुकीचंच राहील."

वाक्य बदललं. कंत्राट मात्र पुढे वाढलं नाही. माझ्या घरात पत्रकांचे गठ्ठे पडलेत. एकाही ओळीला त्या उत्तराची धार नाही. ही बाई आमच्या कॉलनीतली आहे, हे मी छाती फुगवून सांगतो.

परवा भर दुपारी त्या आमच्या इमारतीच्या पायरीवर बसल्या होत्या. कांदे-बटाट्याची गाडी भोंगा वाजवत गल्लीत शिरली, तशा धावल्या. "दादा, बंद कर रे ते! वरचा संतोष रातपाळी करून झोपलाय."

मी म्हणालो, "ताई, उन्हात कशाला? घरात बसा ना."

"माझ्या घरात कुणाची झोप मोडणार आहे रे?" असं म्हणून त्या पुन्हा पायरीवर बसल्या.

मी चपला हातात घेतल्या आणि जिना चढलो.