खड्ड्यावरच्या शरयूआक्का

आमच्या शरयूआक्का भर रस्त्यात खुर्ची टाकून बसतात, आणि एकदा त्या बसल्या की गल्लीतली वाहतूक त्यांना विचारल्याशिवाय पुढे सरकत नाही. माळव्यातल्या या देवासात मी जन्म काढला, टेकडीवरच्या जत्रेतली गर्दी पाहिली, पण एवढा दरारा कोणाचा पाहिला नाही.

आक्का मुलींच्या शाळेत कवायत शिकवायच्या. निवृत्त होऊन जमाना झाला, तरी नऊवारीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात शिट्टी असतेच. भाजीवाल्यासमोर उभ्या राहिल्या तरी तो पोट आत घेतो.

गेल्या उन्हाळ्यात कोणा ठेकेदाराच्या माणसांनी पाइप टाकायला म्हणून आमची गल्ली आडवी खणली आणि खड्डा तसाच टाकून ते निघून गेले. कडेला मोटारसायकलपुरती वाट उरली, पायी जाणाऱ्यांसाठी एक फळी. आम्ही सुशिक्षित मंडळींनी जे करायचं ते केलं. मोबाइलवर मोहल्ल्याच्या ग्रुपमध्ये फोटो टाकले. मी तर ‘खड्डा त्वरित बुजवावा’ असा कडक मजकूर लिहिला. त्यावर हिंदीत शिकलेल्या नव्या पिढीने ‘बुजवावा मतलब?’ असं विचारलं, आणि बुजवणं म्हणजे विझवणं की लपवणं यावर दिवस मावळला.

दुसऱ्या दिवशी दूधवाला कॅनसकट खड्ड्यात गेला. हाडं शाबूत राहिली, दूध गेलं. आक्का घरातून लाकडी खुर्ची घेऊन आल्या, झाडूच्या दांड्याला एक जुना लाल परकर बांधून तो ढिगाऱ्यात रोवला आणि समोर भुईमुगाच्या शेंगा सोलत बसल्या.

“उतरो भिया. गाडी हातात धरा. पाय काय बाजारात मिळतात?”

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आवाज चढवायचा नाही, नजर शेंगांवरच. न उतरणाऱ्याला शिट्टी. त्या शिट्टीने एक दांडगा वळूसुद्धा उलट पावली गेलेला मी स्वतः पाहिला. शाळेच्या मुली फळीवरून एका रांगेत, हात मागे बांधून जायच्या. माझी बायको म्हणाली की आपल्या गल्लीत इतकी शिस्त तिने लग्न होऊन आल्यापासून प्रथमच बघितली.

अखेर ठेकेदाराचा मुकादम आला. खुर्ची हटवा, कामाला अडचण होते, असं तो सांगू लागला. काम कुठे आहे, असं आक्कांनी विचारलं नाही. उलट त्याला खुर्चीवर बसवलं, चहा दिला, आणि मी जरा अंघोळ करून येते, तोवर लक्ष ठेवा, असं सांगून शिट्टी त्याच्या हातात दिली. आक्कांची अंघोळ त्या दिवशी फार लांबली. उन्हात मुकादम शिट्ट्या मारून घामाघूम झाला. एक आजोबा फळीवर डगमगले, तेव्हा त्यानेच धावत जाऊन त्यांना सावरलं. आक्का परत आल्या तेव्हा तो रुमालाने कपाळ पुसत म्हणाला, “माताजी, सामान भेजता हूँ.”

याच सुमारास मला एक गोष्ट दिसू लागली. आमच्या गल्लीतल्या माई या आक्कांच्या थोरल्या जाऊबाई, समोरासमोर घरं. पण गौरी कोणाच्या घरी बसवायच्या यावरून दोघींचं फाटलं, ते दोघींचे नवरे गेले तरी शिवलं गेलं नाही. सगळी गल्ली हे जाणून होती. लग्नाचं आमंत्रण करायला गेलं की कोण कधी येणार हे आधी विचारून घ्यावं लागे.

माईंना आता अंधुक दिसतं. संध्याकाळी त्या दत्ताच्या देवळात जातात. आक्कांनी खुर्ची टाकली त्याच संध्याकाळी त्या फळीपाशी येऊन अडल्या. आक्का खुर्चीवरून उठल्या, त्यांचा हात धरला आणि पलीकडे नेऊन सोडलं. परतताना पुन्हा तसंच. ना नाव, ना शब्द. रोज हेच. आक्का जेवायला घरी जायच्या, दुपारी डुलकी काढायच्या, पण माई देवळातून परतेपर्यंत खुर्ची हलत नसे.

मुकादमाने शब्द पाळला. माणसं आली, मुरूम पडला, रोलर फिरला, डांबर झालं. ग्रुपवर अभिनंदनाची फुलं पडली. काही माझ्याही नावाने पडली, मी ती घेतली.

रस्ता खुला झाला त्या संध्याकाळी मी स्कूटर काढत होतो. आक्का परकराची घडी घालून, खुर्ची उचलून घराकडे निघाल्या होत्या. चाल जरा मंद वाटली. तेवढ्यात माई आल्या. नेहमीच्या जागी थांबल्या आणि त्यांनी हात पुढे केला.

आक्कांनी खुर्ची तिथेच ठेवली आणि जाऊन हात धरला.

“बुजला का ग खड्डा, शरयू?” माईंनी विचारलं.

मी स्कूटर बंद केली. आक्का त्या सपाट, काळ्याभोर रस्त्याकडे बघत राहिल्या. शाळेत कधी खोटं खपवून न घेतलेली बाई ती.

“नाही हो, जाऊबाई,” त्या म्हणाल्या. “अजून वेळ लागेल. फळी अरुंद आहे, सावकाश या.”

माईंनी पाऊल चाचपून टाकलं. मग त्या दोघी, अख्खा रस्ता मोकळा असताना, एकीमागे एक अशा फळीएवढ्या जागेतून पलीकडे गेल्या.