जिवंत रस

लेकीच्या ग्लासात बाटलीतला द्राक्षरस ओतता ओतता रंगरावांचा हात मधेच थांबला. हा जांभळा त्यांच्या ओळखीचा होता. नुसता ओळखीचा नव्हे, त्यांच्या हातचा होता. रंगाच्या कारखान्यात छटा जुळवण्याचं काम ते एकवीस वर्षं करत होते, म्हणून तर सगळे त्यांना रंगराव म्हणत. आणि गेल्याच महिन्यात गोदामांच्या लोखंडी फाटकांसाठी त्यांनी हुबेहूब हाच जांभळा बनवला होता. दोन हात मारले की पाच वर्षं बघायला नको, असा.

त्यांनी भिंग आणलं आणि लेबल वाचायला घेतलं.

"रंग, क्रमांक अमुक. परिरक्षक, क्रमांक तमुक. आणि हे बघ, 'निसर्गसदृश स्वाद'! म्हणजे द्राक्ष नाही, द्राक्षाचा लांबचा चुलतभाऊ!"

"आणि खरी द्राक्षं?" बायकोने विचारलं. ती ग्रंथालयात कामाला होती. कुठलीही यादी शेवटपर्यंत ऐकायची तिला सवय होती.

"आहेत ना. अकराव्या ओळीत."

मग रंगरावांना काही राहवेना. फळीवरची बिस्किटं, सॉस, सुपाची पाकिटं, सगळं भिंगाखालून गेलं आणि तिथून थेट खोक्यात गेलं. पिवळ्या कस्टर्डात त्यांना रस्त्यावरचे पट्टे दिसले. लेक रडकुंडीला आली. बायको रिकाम्या फळीकडे बघत म्हणाली, "अहो, मग आता खायचं काय? भिंग?"

"रस मी करणार," रंगराव म्हणाले. "घरी. स्वतः."

आणि त्यांनी तो केला. टोपलीभर हिरवी द्राक्षं आणली, बादलीत चिरडली, पंच्यातून गाळली. "उकळून घ्या हो," असं सासूबाईंनी दोनदा सुचवलं. सासूबाई याच घरात राहत. पण उकळल्याने रसातला जीव जातो, असं रंगरावांचं मत होतं. रस सहा बाटल्यांत भरून, बुचं लावून, इस्त्रीच्या टेबलाखालच्या कपाटात ठेवला. दोन दिवसांत त्याचा रंग गढूळ तपकिरी झाला.

"मी हे नाही पिणार," लेकीने जाहीर केलं. "हे ब्रश धुतलेलं पाणी आहे."

सहाव्या दिवशी कपाटात फट्‌ असा आवाज झाला. एक बूच उडून कपाटाचं दार उघडलं आणि बायकोच्या इस्त्री केलेल्या साडीवर फेसाचा नकाशा उमटला. घाबरायचं सोडून रंगराव हरखलेच. "पाहिलंस? श्वास घेतोय तो! दुकानातला रस मेलेला असतो. हा जिवंत आहे." त्यांनी सगळी बुचं जरा सैल केली आणि आणखी सहा दिवस वाट पाहिली.

बाराव्या दिवशी रविवार होता, आणि त्या दिवशी मावशी जेवायला येणार होत्या.

ही काही साधी गोष्ट नव्हती. मावशी म्हणजे सासूबाईंची धाकटी बहीण. दोघी अकरा वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. आई गेल्यावर तिचं शिवणयंत्र धाकटीने न विचारता उचलून नेलं, त्यावरून बिनसलं ते बिनसलंच. बायकोने चार महिने इकडची समजूत तिकडे आणि तिकडची इकडे पोहोचवत हा दिवस जुळवून आणला होता.

जेवण गप्पगप्प झालं. मीठ हवं असलं तरी दोघी ते लेकीमार्फत मागत होत्या. शेवटी रंगरावांनी गार केलेला रस आणला.

"कसलीही भेसळ नाही, मावशी. रंग नाही, परिरक्षक नाही."

मावशींनी घोट घेतला. क्षणभर थांबल्या. मग दुसरा घेतला. सासूबाईंनी बहिणीकडे पाहिलं आणि आपलाही ग्लास तोंडाला लावला.

"जिभेवर जरा नाचतो," मावशी म्हणाल्या.

"जिवंत आहे तो," रंगराव म्हणाले.

दुसऱ्या ग्लासानंतर खोलीतलं ऊन बदललं. रंगरावांना ते स्पष्ट दिसलं. पडद्यातून आत येताना ते फिकट होतं, ते सावकाश मधासारखं दाट झालं आणि खुर्च्यांच्या पायांशी साचत गेलं. या छटेला त्यांच्या तक्त्यात क्रमांकच नव्हता. भिंतीवरचं घड्याळ टिक म्हणायचं, मग बराच विचार करून टॉक म्हणायचं. बायको हातात वाढायचा डाव घेऊन सोफ्याच्या कडेला बसली होती, ती तशीच हसत हसत झोपी गेली.

"ताई," मावशी एकदम म्हणाल्या, "मी त्या यंत्रावर एक टाका घातलेला नाही."

सासूबाईंनी ग्लास खाली ठेवला. "मग नेलंस कशाला?"

"तेलाच्या वासासाठी. आईच्या हातांना यायचा ना, तो. कधीतरी झाकण काढते, वास घेते, परत लावते."

"मला वाटलं, तू मोडीत काढलंस गं."

"मी? मोडीत?"

मग दोघी एकदम रडल्या आणि लगेच हसल्या. सोफ्यावर शेजारी शेजारी बसून त्यांनी सतरंजीवर पाय टेकवले आणि लहानपणी आईच्या शेजारी बसून यंत्राचं पायडल मारायच्या तसे पाय चालवू लागल्या. खट्‌ खट्‌ खट्‌, तोंडाने यंत्राचा आवाजही काढू लागल्या. दोन पांढरी डोकी एका तालात डुलत होती. न दिसणारं एक लांबच लांब कापड त्यांच्या हातांखालून सरकत, मधासारख्या उन्हातून दाराकडे चाललं होतं. रंगराव त्याला वाट देण्यासाठी पाय आखडून बसले.

घरात शुद्धीवर एकटी लेक होती. तिने आईच्या हातातला डाव काढून घेतला, आजीचा चष्मा जागेवर ठेवला आणि बापाला म्हणाली, "बाबा, तुम्ही इतकं हळू का बोलताय?"

"मी बोलत होतो?" रंगरावांनी विचारलं.

पाच वाजता मावशी टॅक्सीने गेल्या. जाताना बहिणीला तीनदा मिठी मारून आणि एक बाटली पिशवीत घालून गेल्या. मग बायको जागी झाली. तिने ग्लास हुंगला, बाटली हुंगली आणि नवऱ्याकडे अशी काही पाहत राहिली की त्यांची झिंग जागच्या जागी उतरली.

"अहो, ही दारू आहे."

"छे! यात काहीच घातलेलं नाही!"

"म्हणूनच! टिकवायला काही घातलं असतंत, तर रस रस राहिला असता!"

सासूबाईंचा स्वभाव दोघांनाही ठाऊक होता. बहीण मनापासून नव्हे, नशेत बोलली असं त्यांना कळलं, तर तो समेट त्या मानणारच नाहीत. पुन्हा अकरा वर्षं! "तोंड उघडायचं नाही," बायकोने बजावलं आणि उरलेला रस मोरीत ओतला. रंगरावांना मान हलवतानाही डोकं दुखलं.

सोमवारी सकाळी ते कामाला निघणार तेवढ्यात फोन वाजला. मावशी होत्या.

"जावईबापू, तुमच्या त्या रसाबद्दल जरा बोलायचंय." आवाज बाहेर जाऊ नये म्हणून रंगरावांनी फोनवर हात धरला. "मला पहिल्याच घोटाला कळलं होतं. पण ताई पीत होती, कधी नव्हे ती माझ्याकडे बघत होती. म्हटलं, जाऊ दे. तिला मात्र सांगू नका हं. भोळी आहे ती. वाईट वाटून घेईल."

"नाही सांगत," असं कसंबसं म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि वळले. मागे सासूबाई उभ्या होत्या.

"धाकटीचा होता ना? काही बोलला नाहीत ना तिला?"

"कशाबद्दल?"

"जावईबापू, पहिल्या घोटालाच कळलं मला. पण ती मन मोकळं करत होती, म्हटलं कशाला अडवा? भोळी आहे हो ती."

रंगराव भिंतीला टेकले. सहा बाटल्या, बारा दिवस आणि हातात भिंग. आणि आपण काय पीत होतो ते कळलं नव्हतं ते फक्त त्यांनाच.

"येत्या रविवारी पुन्हा येतेय ती," सासूबाई म्हणाल्या. "किती दिवस लागतात हो तयार व्हायला?"

"बारा."

सासूबाईंनी बोटांवर मोजलं.

"मग या रविवारी आम्ही नुसतंच बोलून बघतो. जमेल बहुतेक."

चार पावलं गेल्या आणि दारातून वळल्या.

"तुम्ही द्राक्षं मात्र आजच घेऊन या."