अठ्ठ्याऐंशीव्या पानावरचा डाग

तळेवाडीच्या सार्वजनिक वाचनालयात एखाद्या कादंबरीवर वाचकानं वाईट अभिप्राय नोंदवला, तर त्या कादंबरीतल्या माणसांना खुलासा द्यायला सात दिवसांची मुदत मिळते. खुलासा लेखी असावा, आटोपशीर असावा आणि पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानात ठेवावा, असं दाराशी लावलेल्या नियमावलीत नवव्या कलमात आहे. लेखकाला यात कुणी विचारत नाही. तो पुण्यात असतो.

खुलासा पटला तर पुस्तक कपाटात राहतं. पटला नाही तर रविवारी ते माळ्यावर जातं. माळ्यावरचं पुस्तक कुणी उघडत नाही, त्यामुळे आतली माणसं जिथं असतील तिथंच थांबून राहतात. ग्रंथपाल हत्तरगी सर हा नियम एकवीस वर्षं पाळत आले होते आणि त्यांच्या मते तो सौम्य होता.

वाचनालयात अभिप्राय नोंदवणारे सात-आठ जण होते, पण पुस्तकातली माणसं घाबरायची ती मगदूम बाईंना. इंदुमती मगदूम यांनी गावच्या दूध संस्थेत एकोणतीस वर्षं दूध तपासलं होतं. दुधात पाणी आहे की नाही हे त्यांना नुसत्या किटलीच्या आवाजावरून कळे, आणि कळलं की त्या तोंडावर सांगत. पाटलाची म्हैस असो नाहीतर सख्ख्या भावाची, त्यांची जीभ दोघांना सारखीच. निवृत्त झाल्यावर तपासायला दूध राहिलं नाही, म्हणून त्या कादंबऱ्या तपासू लागल्या. अभिप्रायाच्या शेवटी त्या फॅट लिहीत. सहाच्या वर गेला तर पुस्तक चांगलं, तीनच्या खाली म्हणजे किटली परत.

अलीकडे वाचनालयात दोनच प्रकारची पुस्तकं येत होती. एकात तलवारी असत, दुसऱ्यात कॉफी. बाई दोन्ही वाचत. एका प्रेमकथेवर त्यांनी लिहिलं होतं, "तीनशे पानांत नायिकेचा श्वास एकोणचाळीस वेळा अडकला. छातीच्या डॉक्टरला दाखवावं." सहाव्या दिवशी नायकाचा खुलासा आला, "दाखवलं. दमा निघाला. आता बरी आहे. आभारी आहे." दुसऱ्या एका पुस्तकात नायक-नायिकेला मुक्कामाला एकच खोली मिळते, त्यावर बाईंनी विचारलं होतं की आषाढातल्या मंगळवारी महाबळेश्वरात बाकीच्या खोल्यांत कोण होतं. लॉजच्या मॅनेजरनं कबूल केलं की खोल्या रिकाम्या होत्या, त्याला सांगू नको म्हणून सांगितलं होतं. एका अद्भुत कादंबरीतली दोन राजघराणी एकमेकांची वैरी होती, पण का ते कुणालाच ठाऊक नव्हतं. "बांधावरून भांडा, म्हणजे पटेल," असं बाईंनी सुचवलं. त्यांनी ते मनावर घेतलं. राजकन्येचं लग्न दावा निकालात निघेपर्यंत लांबलं आहे, आणि बाईंनी त्या पुस्तकाचा फॅट पाच पूर्णांक चारवर नेला.

बाई एकट्या राहत. जेवताना समोर कुणीतरी असावं असं त्यांना फार वाटे, आणि ताटापलीकडे तांब्याला टेकवून पुस्तक उभं केलं की ते थोडंफार भागे. जेवताना वाचू नये असं नियमावलीत चौदावं कलम होतं. ते बाईंना पाठ होतं.

त्या सोमवारी त्यांनी 'सप्तशिखरांचा शाप, भाग तिसरा' परत केला आणि नोंदवहीत लिहिलं, "सैन्य चाळीस हजार. तेरा दिवस चाल. कुणी जेवलं नाही. सहाशे बारा पानांत एकदाही चूल पेटलेली नाही. अशा सैन्यावर माझा विश्वास नाही. फॅट २.८."

गुरुवारी सकाळी दहाला सेनापती वज्रकेत स्वतः आला.

लेखी खुलाशाचा नियम असताना कुणी प्रत्यक्ष यावं हे हत्तरगी सरांना आवडलं नाही, पण माणूस शिस्तीचा दिसला. त्यानं तलवार छत्र्यांच्या डब्यात ठेवली, शिरस्त्राण काखेत घेतलं आणि नोंदवहीत नाव, गाव, येण्याची वेळ लिहिली. बाई नेहमीच्या बाकावर नवीन पुस्तकं चाळत होत्या. सरांनी त्यांना हाक मारली.

"बाई, तुमच्या अभिप्रायावर आलेत."

"बसा की," बाई म्हणाल्या. "उभं राहून काय बोलतासा."

सेनापती बसला. चिलखतामुळे त्याला जरा वेळ लागला. गालफडं बसली होती. पुस्तकात त्याचं वर्णन 'कातळात कोरलेला चेहरा' असं होतं, आणि बाईंना ते तेव्हा उगाच वाटलं होतं. आता त्यांना कळलं की ती उपासमार होती.

"अभिप्राय खरा आहे," तो म्हणाला. "माझा खुलासा एवढाच आहे."

हत्तरगी सरांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे चूक मान्य?"

"मान्य. अकरा लढाया झाल्या. जेवण झालं नाही. दुसऱ्या भागात एक मेजवानी होती. पण प्रकरण 'मेजवानीनंतर' या शब्दानं सुरू होतं. आम्ही पोहोचलो तेव्हा खरकटी ताटं उचलत होते."

"चहा घेणार का?" बाईंनी विचारलं.

"माझ्या माणसांनी काही खाल्लेलं नाही. मी कसा घेऊ?"

सरांनी कोपऱ्यातल्या स्टोव्हकडे पाहिलं. त्यावर एका वेळी सहा कप होत असत. मग त्यांनी नियमावली काढली आणि कलम नऊ, पोटकलम तीन वाचून दाखवलं. चूक मान्य करणारा खुलासा हा खुलासा धरता येत नव्हता. रविवारी बारा वाजता पुस्तक माळ्यावर जाणार.

"माळ्यावर भूक लागते का?" सेनापतीनं विचारलं.

"लागलेली असेल तर तशीच राहते," सर म्हणाले. ते खोटं बोलत नसत.

इतक्या वर्षांत बाईंनी पुष्कळांच्या किटल्या परत पाठवल्या होत्या, पण कुणाला उपाशी ठेवलं नव्हतं. "सर, माझा अभिप्राय खोडा. मी मागं घेते."

"नको, बाई," सेनापती म्हणाला. "हे पुस्तक एकशे सहा जणांनी नेलं. कुणी तलवारीबद्दल लिहिलं, कुणी शापाबद्दल. जेवलात का असं पहिल्यांदा तुम्हीच विचारलंत. सैन्यात तो अभिप्राय वाचून दाखवला. म्हातारे सैनिक रडले. तो खोडू नका. आणि अठ्ठ्याऐंशीव्या पानावरचं, त्याबद्दलही आभार मानायचे होते."

"काय आहे अठ्ठ्याऐंशीव्या पानावर?" सरांनी विचारलं.

"उजव्या कोपऱ्यात पिवळा अंगठा आहे. शेजारी झुणक्याचा एक कण. त्याला आम्ही हात लावलेला नाही. तिथं पहारा आहे. पण त्या पानावरून जाताना सैन्याची चाल आपोआप मंदावते. वास येतो."

हत्तरगी सरांनी पुस्तक उघडून डाग पाहिला आणि चौदाव्या कलमाशी बोट नेलं. बाईंनी मान खाली घातली. खोटं त्यांनाही येत नव्हतं.

"माझाच हाय," त्या म्हणाल्या. "एकटीला जेवण जात न्हाई, सर. म्हणून पुस्तक घेऊन बसते."

सरांनी कलमावरचं बोट काढून घेतलं. "ते नंतर बघू," ते म्हणाले, आणि ते नंतर त्यांनी कधीच बघितलं नाही.

बाई उठून कपाटापुढे येरझाऱ्या घालू लागल्या. दूध नासलं की आधी भांडं बघायचं, मग म्हैस, मग गवत, अशी त्यांची पद्धत. माणसं होती, भूक होती. धान्य? "धान्याचं काय, सेनापती? एकशे चाळीसाव्या पानावर शेतं होती बघा. दोन पानं नुसतं वर्णन. सोनेरी लाटा का काय."

"जोंधळा आहे तो," सेनापती म्हणाला. "पहिल्या भागापासून उभा आहे. कापायला कुणी सांगितलं नाही."

"मग रांधणारं पायजे," बाई म्हणाल्या, आणि प्रेमकथांच्या कपाटापुढे थांबल्या.

तिथं 'थोडी साखर जास्त' नावाची कादंबरी होती. तिच्यावरचा बाईंचा अभिप्राय मागच्याच शुक्रवारचा होता, "पाचगणीत कॅफे. नायिका मायरा पहिल्या पानापासून भट्टीपुढे. खाणारं कुणी नाही. नायक अर्णव रोज कॉफी मागवतो आणि तिच्याकडे बघत बसतो. एकूण चौऱ्याऐंशी कप गार झाले. फॅट ३.१, साखर मात्र खरंच जास्त." खुलासा अजून आला नव्हता. बाईंनी पुस्तक उघडून हाक मारली.

मायरा ॲप्रनला हात पुसत बाहेर आली. मागून अर्णव आला. त्याचे केस लेखिकेनं सांगितल्याप्रमाणे कपाळावर आले होते.

"काकू, मी खुलासा लिहीतच होते," मायरा म्हणाली. "पण काय लिहू? गिऱ्हाईक येतच नाही. मी रोज करते आणि रोज तसंच राहतं. मला वाटायचं माझ्या हाताला चव नसेल."

"गिऱ्हाईक मिळालं तुला," बाई म्हणाल्या. "चाळीस हजार. चालतील?"

मायरानं सेनापतीकडे पाहिलं. "बसायला जागा कमी पडेल," ती म्हणाली, पण तिचा चेहरा उजळला होता.

आता अडचण हत्तरगी सरांची होती. कव्हराला कव्हर लागलं की पुस्तकातल्या माणसांचं येणं-जाणं सुरू होतं, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणूनच ते रहस्यकथा आणि बालकथा यांच्या मध्ये शब्दकोश ठेवत. पण अद्भुत कादंबरी आणि प्रेमकथा एका फळीवर लावायची कशी? वर्गवारी मोडली की वाचनालय मोडलं, असं त्यांचं मत होतं. त्यांनी एकेका फळीवरून बोट फिरवलं.

"पाककला," शेवटी ते म्हणाले. "त्या फळीवर वीतभर जागा आहे. तिथली पुस्तकं कुणी परत आणत नाही. पण त्या विभागात पुस्तक ठेवायचं तर त्यात निदान एक तरी पदार्थ पोटभर झाला पाहिजे. रविवारी बारापर्यंत."

"केक आहे," मायरा म्हणाली.

"केकनं सैन्याचं पोट भरतंय होय," बाई म्हणाल्या. "भाकरी येती का?"

"लेखिकेनं दिली नाही."

मग पुढचे तीन दिवस वाचनालयाच्या स्टोव्हवर बाईंनी मायराला भाकरी शिकवली. पहिली भाकरी जिल्ह्याच्या नकाशासारखी झाली. दुसरी फाटली. शनिवारी दुपारी एक फुगली, आणि मायरा तिच्याकडे अशी बघत राहिली की अर्णवला पहिल्यांदाच बाजूला सरकावं लागलं. त्यालाही काम मिळालं. तो पाणी भरू लागला आणि दुसऱ्या घागरीनंतर त्याचे केस कपाळावरून मागे गेले ते गेले. तिकडे सेनापतीनं कापणीचा हुकूम दिला. एकशे चाळीसावं आणि एकशे एक्केचाळीसावं ही दोन पानं शनिवार संध्याकाळपर्यंत जवळजवळ कोरी झाली. मळणीचा भुसा वाचनालयभर उडत होता. वर्तमानपत्र वाचायला येणारे दोघे शिंकले, पण तक्रार कुणी केली नाही.

शत्रूचं सैन्यही आलं. त्यांचं जेवण तर पहिल्या भागापासूनच राहिलेलं होतं. ते तीनशेव्या पानापर्यंत दबा धरून बसायचे होते, पण भाकरीच्या वासानं दीडशेव्या पानावरच उठून उभे राहिले आणि हत्यारं बाजूला ठेवून पीठ मळायला लागले. सेनापतीनं त्यांच्या येण्याला हरकत घेतली नाही. हात कमी पडत होते.

"आणि युद्धाचं काय?" हत्तरगी सरांनी विचारलं.

"आधी पोटोबा, मग विठोबा," बाई म्हणाल्या. "जेवल्यावर कुणाला लढावंसं वाटलं तर लढतील."

रविवारी बाराला दहा कमी असताना सरांनी दोन्ही पुस्तकं उघडून पाहिली, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिली. नोंदवहीत त्यांनी लिहिलं, "खुलासा समाधानकारक." माळ्याची शिडी त्यांनी भिंतीला परत लावली. मग विचार करून चौदाव्या कलमाखाली एक ओळ जोडली, "झुणका सोडून."

बाईंनी 'सप्तशिखरांचा शाप' पुन्हा स्वतःच्या नावावर घेतलं आणि घरी आल्या. चूल आवरून त्यांनी ताट वाढलं. दोन भाकरी, झुणका, कांदा. तांब्याला टेकवून पुस्तक उभं केलं आणि अठ्ठ्याऐंशीवं पान काढलं.

पंगत बसली होती. डोंगराच्या उतारापासून समासापर्यंत ओळीच ओळी. ढाली उलट्या करून त्यांची ताटं केली होती आणि प्रत्येक ढालीत भाकरी होती. मायरा पदर खोचून दुसऱ्या ओळीत झुणका वाढत होती. तिला पदर कुठून मिळाला ते बाईंनी विचारलं नाही. अर्णवच्या हातात पाण्याची घागर होती. उजव्या कोपऱ्यातला तो कण तसाच होता, पण पहारेकरी पंगतीत जाऊन बसला होता. कुणीच जेवत नव्हतं. सगळे हात मांडीवर ठेवून गप्प बसले होते.

"काय झालं?" बाईंनी विचारलं. "मीठ राहिलं का?"

"नाही, बाई," सेनापती पहिल्या ओळीतून म्हणाला. "तुमची वाट बघतोय. एकटीला जेवण जात नाही म्हणालात ना."

बाईंनी पदरानं डोळे टिपले, ताट जरा पुढं ओढलं आणि भाकरीचा तुकडा मोडला.

मग चाळीस हजार माणसं जेवायला लागली.