त्रिकोणी पेच आणि दोन वाटा

शनिवारी संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास तपासनीसांनी मेहुण्याला दिवाणखान्यातल्या गालिच्यावर गुडघे टेकून बसायला सांगितलं, तेव्हा मेहुण्याला वाटलं, पँट शिवायची असेल. तो शिंपी होता. गळ्यातली टेप त्याने सवयीने हातात घेतली.

"टेप राहू दे," तपासनीस म्हणाले. "तुझी मान पाहिजे."

"मान माझी साडेपंधरा आहे, भाऊजी. तुमची सांगा."

"मापाला नाही. तपासणीला."

तपासनीस इमारती तपासत. आग लागली तर माणसाला बाहेर पडायला दोन वेगवेगळ्या वाटा हव्यात, असा नियम. शाळा असो, गोदाम असो, एकच वाट असलेली इमारत त्यांनी बावीस वर्षांत मंजूर केली नव्हती. नकाशावर त्यांचा विश्वास नसे. स्वतः चालून, दार ढकलून बघत. एका गोदामवाल्याने "ही खिडकी दुसरी वाट समजा" म्हटलं, तेव्हा हे त्या खिडकीतून खरोखर उतरले होते आणि खाली लंगडत पोचल्यावर 'नामंजूर' लिहून मगच दवाखान्यात गेले होते.

त्यांची मुलगी सतरा वर्षांची. घरात तिला अजून चिमणी म्हणत, पण चिमणी दोन वर्षं मिक्स्ड मार्शल आर्ट्स शिकत होती. ठोसे, लाथा आणि कुस्ती, सगळं एकाच जाळीच्या पिंजऱ्यात. पुढच्या महिन्यात तिची पहिली लढत होती आणि संमतीच्या अर्जावर वडिलांची सही लागणार होती. मुदत आज संध्याकाळी सहापर्यंत. सही नाही तर तिच्या जागी दुसरी मुलगी.

वडिलांनी हो म्हटलं नव्हतं, नाही म्हटलं नव्हतं. त्यांनी एक वही उघडली होती. डावीकडे पेच, उजवीकडे सुटायच्या वाटा. प्रत्येक पेचाला दोन वाटा निघाल्या तर सही.

"मांडीवर लाथ आली तर?" तोंडात दात घासायचा ब्रश असतानाही ते विचारत.

"नडगी उचलून आडवी धरायची, बाबा. मग त्याचाच पाय दुखतो."

"दुसरी वाट?"

"मागे सरकायचं."

"पाय धरून पाडायला आला तर?"

"आपले दोन्ही पाय मागे फेकायचे, छातीचं वजन त्याच्या पाठीवर. नाहीतर त्याने धरायच्या आत आपले हात त्याच्या काखेत घालायचे."

दोन आठवड्यांत वहीची एकोणीस पानं भरली. सुरुवातीला तपासनीस चुका शोधत होते. आठव्या पानानंतर ते नुसते ऐकू लागले. जगात असा एक धंदा आहे जिथे प्रत्येक सापळ्याची सुटका आधीच ठरलेली असते, हे त्यांना कुणी आजवर सांगितलंच नव्हतं. कचेरीत चहा पिताना ते स्वतःचा कोपर धरून वाकवून बघू लागले. बाजूच्या टेबलावरच्या कारकुनाने सांधेदुखीचं तेल आणून दिलं.

अडलं ते विसाव्या पानावर. त्रिकोणी पेच.

"पाठीवर पडलेला माणूस वरच्याची मान आणि एक हात आपल्या पायांत धरतो," चिमणी म्हणाली होती. "एका बाजूने मांडी दाबते, दुसऱ्या बाजूने त्याचा स्वतःचा खांदा."

"स्वतःचा?"

"हो. आपलाच खांदा आपला गळा दाबतो."

तपासनीसांनी पेन खाली ठेवलं. "फारच डोकं चालवलंय कुणीतरी," ते म्हणाले. "आणि वाटा?"

"पाठ ताठ करायची आणि अडकलेला हात कानाला लावायचा, फोनवर बोलतो तसा. जरा जागा होते. दुसरी वाट, पायांवर उभं राहून त्याचे गुडघे त्याच्याच नाकाकडे रेटायचे. आणि तिसरी म्हणजे टॅप. दोनदा थोपटलं की समोरच्याने सोडायचं."

"टॅप म्हणजे हार. हार ही काही वाट नव्हे. आणि या दोन फक्त कागदावर आहेत. प्रत्यक्ष बघावं लागेल."

"मग क्लबात या ना."

क्लबात चार लोकांसमोर आडवं पडायची तपासनीसांची तयारी नव्हती. म्हणून शनिवारी मायलेकी दातांचं कवच आणायला बाहेर पडल्याबरोबर त्यांनी मेहुण्याला फोन केला, तो आल्यावर दाराचा वरचा बोल्ट लावला, कोट काढला, गालिच्यावर उताणे पडले आणि वही डोक्याशी उघडी ठेवली.

"मान पुढे आण. डावा हात आत, उजवा बाहेर." डावा पाय मेहुण्याच्या मानेवर गेला. उजवा गुडघा त्या पायाच्या घोट्यावर बसवायला तीन प्रयत्न लागले, पण बसला. "आता काय वाटतंय?"

"तुमचे मोजे बदलायला झालेत."

तपासनीसांनी पाय आवळले. मेहुण्याने लगेच त्यांच्या मांडीवर दोनदा थोपटलं. एवढं त्याला भाचीने शिकवलं होतं.

"टॅप नको. वाटेने बाहेर ये."

"अहो, कुठल्या वाटेने?"

"पहिली. हात कानाला."

मेहुण्याने हात कानाला नेला आणि त्याच क्षणी टेबलावरचा फोन वाजला. दोघंही दचकले. तपासनीसांनी दचकून पायाचा पंजा ताणला, आणि पोटरीत गोळा आला. साधासुधा नव्हे. पाय लाकडासारखा कडक झाला, घोटा गुडघ्याखाली रुतला, आणि कुलूप जे बसलं ते बसलं.

"सोडा आता," मेहुणा म्हणाला आणि पुन्हा थोपटलं.

"सुटत नाहीये."

"म्हणजे?"

"पाय माझं ऐकत नाहीये. दुसरी वाट घे. उठून उभा राहा."

मेहुणा बारीक, तपासनीस भरलेले. तो अर्धा उठला, भाऊजींचे गुडघे भाऊजींच्या नाकाकडे रेटले. गोळ्याने आणखी ओढ घेतली, तपासनीस कळवळले आणि मेहुणा होता तिथे परत बसला. नशीब एवढंच, की पेच कच्चा होता. श्वास चालू होता, आणि बोलणं तर फारच चालू होतं.

"लग्नात मी ताईला म्हणालो होतो, माणूस नीट बघून घे."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, शांत दिसतात."

फोन आणखी दोनदा वाजला. साडेपाचच्या सुमारास दारात किल्ली फिरली. दार हललं नाही.

"बाबा? बोल्ट का लावलाय? फोनही उचलत नाही. अर्ज कुठाय?"

"माझ्या खिशात," तपासनीस छताकडे बघत म्हणाले. "जरा अडकलोय."

"कशात?"

"विसाव्या पानात," मेहुणा ओरडला.

बाहेरून बायकोचा आवाज आला. "मी मागच्या जिन्याने येते."

"मागून येऊ नकोस," तपासनीस घाईने म्हणाले. पण ती गेली होती. स्वयंपाकघरातून दारावर धक्के ऐकू आले. दोन, चार, मग एक रागाचा. मागच्या दाराला आतून टेकून उंच लोखंडी कपाट उभं होतं. त्यात तपासनीसांनी आजवर तपासलेल्या सगळ्या इमारतींच्या अहवालांच्या प्रती होत्या. ते कपाट हलवा, असं बायको आठ वर्षं सांगत होती; आज घाईत तिलाही ते आठवलं नव्हतं.

मेहुण्याने मान वळेल तेवढी वळवली. "भाऊजी, या घराला वाटा किती?"



"मामा," बाहेरून चिमणी म्हणाली, "दारापर्यंत सरकता येईल?"

आले. गालिच्यासकट आले. मेहुणा गुडघ्यांवर, तपासनीस पाठीवर, मध्ये एक स्टूल आडवं करून, सात-आठ मिनिटांत दारापाशी पोचले. बोल्ट मात्र वर, आणि हात खाली. मेहुण्याचा उजवा हात मोकळा होता आणि गळ्यात टेप होती. टेपेचा फास करून त्याने वर भिरकावला. पाचव्या फेकीला तो बोल्टच्या मुठीत अडकला. मेहुण्याने खाली ओढलं, बोल्ट सुटला. दार आत उघडलं, तपासनीसांच्या डोक्याला लागलं आणि वीतभरावर थांबलं.

"दार बाहेरच्या बाजूला उघडायला हवं," तपासनीस पुटपुटले.

चिमणी त्या वीतभरातून आत आली. तिने वडिलांचा डावा पंजा दोन्ही हातांत धरला आणि बोटं नडगीकडे दाबली. गोळा विरघळला. मेहुणा मान चोळत बाजूला झाला आणि टेपेने मानच मोजू लागला.

पावणेसहा झाले होते. तपासनीस भिंतीला टेकून बसले. खिशातला अर्ज चुरगळला होता.

"दोन्ही वाटा चालल्या नाहीत," ते हळूच म्हणाले. "मी स्वतः बघितलं."

चिमणीचा चेहरा उतरला. पण ती मामाकडे वळली. "मामा, किती वेळा थोपटलंस?"

"अकरा."

"पिंजऱ्यात पहिल्याच टॅपला पंच मध्ये येतो, बाबा. तो तेवढ्यासाठीच तिथे असतो. वाटेने बाहेर ये म्हणत बसत नाही."

तपासनीसांनी मग पंच कुठे उभा राहतो ते विचारलं. किती फुटांवर? हातात काही असतं का? त्याने बघितलंच नाही तर? "बाहेर डॉक्टर असतो, आमचे सर असतात," चिमणी म्हणाली. त्यांनी वही ओढून घेतली आणि विसाव्या पानावर लिहिलं : 'तिसरी वाट. बाहेरचा माणूस उघडतो. कुलूप नाही.' मग अर्ज मांडीवर ठेवून हाताने सपाट केला आणि सही केली. खाली तारीख घातली, आणि सवयीने 'वर्षभरात पुन्हा तपासणी' असंही लिहिलं. ते खोडायला वेळ नव्हता. चिमणी धावत सुटली. क्लब दहा मिनिटांवर होता.

तेवढ्यात मागचा जिना उतरून, इमारतीला वळसा घालून बायको पुढच्या दारातून आत आली. तिने वही उचलली, एकविसावं कोरं पान काढलं, डावीकडे 'स्वयंपाकघराचं कपाट' असं लिहिलं आणि उजवीकडचा रकाना बोटाने दाखवत वही नवऱ्यापुढे धरली.

"त्यात रेकॉर्ड आहे," तपासनीस म्हणाले. "तसं उचलून कुठेही नाही ठेवता येत..."

बायको वही तशीच धरून उभी राहिली. तपासनीसांनी तिच्याकडे पाहिलं, मेहुण्याकडे पाहिलं, स्वतःच्या पोटरीकडे पाहिलं. मग हात लांब करून फरशीवर दोनदा थोपटलं.

"टॅप नको, भाऊजी," मेहुणा टेप गुंडाळत म्हणाला. "वाटेने बाहेर या. कपाटाची ती बाजू तुम्ही धरा, ही मी धरतो."