बिनआवाजाचा कूलर

"पहाटेची नीरव शांतता होती. तिने हळूच डोळे मिटले," असं बायको आतल्या खोलीत माइकपुढे वाचत होती आणि त्याच वेळी बाहेरच्या खोलीत नवऱ्याच्या संगणकातलं ग्राफिक्स कार्ड घुर्र करून तापायला लागलं होतं.

दोघांचंही काम घरातूनच चाले. ती ऐकायच्या पुस्तकांसाठी वाचन करायची. तो न बांधलेल्या घरांची, बांधून झाल्यासारखी दिसणारी चित्रं संगणकावर तयार करायचा. चित्रात उन्हाची तिरीप सोफ्यावर नीट पडावी म्हणून कार्ड जिवाच्या आकांताने राबायचं आणि त्याचे इवलेसे पंखे बोंबा मारायचे. शेवटी रेकॉर्डिंग कंपनीच्या संपादकाने प्रकरण परत पाठवलं. "मॅडम, वाचन सुंदर आहे. पण नीरव शांततेत ट्रक कुणाचा उभा आहे?"

शनिवारपर्यंत स्वच्छ प्रकरण गेलं नाही, तर पुस्तक दुसऱ्या बाईंकडे जाणार होतं.

"एक तर ते यंत्र बाहेर जाईल, नाहीतर तू," बायकोने सांगितलं.

सासू-सासरे राहायला आल्यापासून त्याला घरात सगळे, अगदी बायकोसुद्धा थट्टेने, जावईबापू म्हणत. तर जावईबापूंनी कार्डावरचे मूळ पंखे काढून त्यावर वेगळा, बिनआवाजाचा कूलर बसवायचं ठरवलं आणि अभ्यासाला लागले. मोठा पंखा सावकाश फिरतो म्हणून आवाज कमी, हे त्यांना पहिल्याच तासात कळलं होतं. तरी पुढे ते वाचतच राहिले. जेवताना वाचत, दात घासताना वाचत. जगात दोन तट होते. एका तटाच्या मते अमुक कूलर म्हणजे साक्षात मौन, आणि दुसऱ्याच्या मते तोच कूलर म्हणजे मिक्सर. जावईबापू ज्याचं शेवटचं वाचत, त्याच्या बाजूचे होत.

अखेर ते दुकानात गेले. दुकानदाराने एक कूलर चालू करून त्यांच्या कानाला लावला.

"ऐका."

"काहीच ऐकू येत नाही!"

"बघा, म्हटलं नव्हतं?"

बाहेर रस्ता खोदायचं यंत्र चालू होतं. तिथे जावईबापूंना स्वतःचा आवाजही ऐकू येत नव्हता, हे त्यांच्या लक्षात आलं ते कूलर घरी आणल्यावर.

पण कूलर खरोखरच गुणी निघाला. दोष एकच, तो अवाढव्य होता. जाळीदार धातूचा ठोकळा आणि त्याखाली दोन भलेमोठे पंखे. तो कार्डावर चढवल्यावर संगणकाच्या डब्याचं दार काही केल्या लागेना. शिवाय त्या वजनाने कार्डाचं एक टोक खाली झुकलं.

"खांब द्या," मागून सासरे म्हणाले.

सासऱ्यांचा जन्म स्लॅब भरण्यात गेला होता. निवृत्तीनंतर आधार द्यावा असं काही समोर आलंच नव्हतं. ते उत्साहाने गुडघ्यांवर बसले. खोडरबर ठेवून पाहिलं, कमी पडलं. डोळ्यांच्या औषधाची बाटली उंच झाली. मग सासरे आरशासमोरून एक चकचकीत नळी घेऊन आले. टोपण काढून त्यांनी बूड फिरवलं, तशी आतून लाल लिपस्टिक वर आली. उलटं फिरवलं, खाली गेली.

"अहो जावईबापू, हा तर जॅक आहे!"

"बाबा, ती तिची लिपस्टिक आहे."

"असू दे की. भार घेतेय ना?"

भार तिने झकास घेतला. कार्ड सरळ झालं, पंखे फिरू लागले आणि खोलीत अशी शांतता पसरली, की भिंतीवरच्या घड्याळाने सगळ्यांना दचकवलं. जावईबापूंनी संगणकाला सर्वांत जड चित्र करायला लावलं. आतून बायकोचा आनंदी आवाज आला, "मी सुरू करते रे! आता कुणी हूं की चूं करायचं नाही!" सासूबाई फिरायला गेल्याच होत्या. सासऱ्यांनी पांढरा स्वच्छ सदरा घातला, उघड्या डब्याशेजारी खुर्ची ओढली आणि आपल्या खांबाकडे कौतुकाने बघता बघता तिथेच डुलकी काढली.

जावईबापू चहा टाकायला स्वयंपाकघरात गेले. इकडे कार्ड तापलं. लिपस्टिक मऊ झाली. कार्ड हळूहळू खाली आलं आणि फिरत्या पंख्याने लिपस्टिकचा पहिला घास घेतला. हे सगळं त्या कूलरने आपल्या लौकिकाला जागून अगदी बिनआवाज केलं.

आवाज आला तो सासूबाईंचा.

"हे काय आहे?"

जावईबापू धावत आले. सासरे खुर्चीत ताठ बसले होते. कॉलरवर लाल, गालावर लाल, कानाच्या पाळीवर लाल.

"काय आहे म्हणजे?" सासरे डोळे चोळत म्हणाले, आणि होतं नव्हतं ते लाल कपाळभर झालं.

"मी तासभर काय बाहेर गेले! कोण आली होती?"

"अगं, कोणी नाही. मशीनने केलंय हे."

"मशीनला ओठ असतात?"

"आई, खरंच पंख्यानेच..." जावईबापूंनी तोंड घातलं.

"तुम्ही यांना पाठीशी घालू नका! चहाचं भांडं हातात घेऊन उभे आहात. पाहुणचार चालला होता वाटतं?"

"मी खांब दिला होता," सासरे कळवळून म्हणाले.

"आणि तिने?"

तेवढ्यात आतलं दार धाडकन उघडून बायको बाहेर आली. वडिलांचा अवतार बघून ती किंचाळली, "माझी लिपस्टिक!"

सासूबाई मटकन खाली बसल्या. "तुझी? तुझी कशी गं?"

मग पंख्याने शेवटचा घास घेतला. तांबडा शिंतोडा हवेतून आला आणि सासूबाईंच्या हनुवटीवर बसला. त्यांनी तो बोटाने पुसला, पाहिला आणि मशीनकडे पाहिलं. मग सासऱ्यांना म्हणाल्या, "सदरा काढा. भिजत घालते."

डब्यात लिपस्टिकच्या जागी लाकडी ठोकळा गेला. बायकोने उरलेलं प्रकरण एका दमात वाचलं, मधला आरडाओरडा कापून साफ फाइल वेगळी ठेवली आणि पाणी प्यायला उठली. अपराधी मनाने जावईबापू म्हणाले, "तू बस. फाइल मी पाठवतो." आणि पाठवली. साफ करून ठेवलेली नव्हे, तर माइक चालू राहिला होता ती, सुरुवातीपासून शेवटपर्यंतची.

दुसऱ्या दिवशी संपादकाचा फोन आला. बायकोने तो सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला आणि तिचा चेहरा उतरत गेला.

"मॅडम, आवाज एकदम स्वच्छ. ट्रक गेला. पण पुस्तकात 'तो दारात उभा होता, ती काहीच बोलली नाही' असं आहे. आणि आमच्याकडे आलेल्या फाइलमध्ये ती पुष्कळ बोलते."

"सॉरी सर, मी लगेच दुसरी..."

"ती पाठवाच. पण 'मशीनला ओठ असतात?' म्हणणाऱ्या बाई कोण? आम्ही पुढच्या पुस्तकासाठी खाष्ट सासूचा आवाज शोधतोय. किती जणींना ऐकलं, सगळ्या अभिनय करतात."

सगळ्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी पदर सावरला.

"खाष्ट म्हणाला ना तो?" त्यांनी विचारलं. "विचार त्याला, पुस्तक केवढं आहे."

सोमवारपासून आतल्या खोलीत सासूबाई बसू लागल्या. पहिल्याच दिवशी दार किलकिलं झालं.

"जावईबापू, ते तुमचं मशीन बंद करा."

"पण आई, त्याचा आवाज कुठे येतोय?"

"येत नाही. पण ते चालू आहे, हे मला माहीत आहे ना!"

जावईबापूंनी मुकाट्याने बटण दाबलं.